भामट्याशी गोड बोला म्हणे!

...गोड बोला म्हणे! अहो, सख्ख्या नणंदेशी मी कधी गोड बोलले नाही, बोक्याशी कुठून बोलू? पण ती जनावरांची डॉक्टरीण, वय असेल सव्वीस-सत्तावीस, मला सांगते, "काकू, घाबरलाय तो. भूल द्यायच्या आधी ठोके खाली यायला हवेत. जरा गोड बोला." आता हा आमचा भामटा, म्हणजे आमचा बोका हो, मोटारसायकलखाली आलेला, मागचा पाय पार चेचलेला, कापावाच लागणार, त्यातून जगेल की नाही तेही सांगता येत नाही, आणि तुम्हाला सांगते, एवढं होऊनही तीन पायांवर जिना चढून दारात आला! माझ्या धुतलेल्या पायपुसण्यावरच येऊन पडला म्हणा, पण आला! काय जिद्द मेल्याची!

तर मी वाकले. "सोन्या... राजा... माझं बाळ ते..." अहो, त्याने माझ्याकडे असं बघितलं! नऊ वर्षांत हे शब्द ऐकलेत कुठे त्याने? त्याला वाटलं, आता आपलं काही खरं नाही! कान मागे, डोळे एवढाले, आणि डॉक्टरीण ओरडतेय, "काकू, ठोके वाढले! घरी कसं बोलता याच्याशी?" मी यांच्याकडे बघितलं. आमचे हे छताकडे बघताहेत. हे काय बोलणार? लग्नाला एकतीस वर्षं झाली, यांना आवाज आहे की नाही हेच शेजाऱ्यांना माहीत नाही!

मग म्हटलं, होऊ दे. "मेल्या, भामट्या, डोळे फुटले होते का तुझे? रस्ता काय तुझ्या बापाचा? घरात भरल्या ताटाला तोंड लावत नाहीस आणि उकिरडे फुंकत हिंडतोस? लाज नाही वाटत लोळायला?" अहो, घुर्र घुर्र सुरू! हनुवटी माझ्या मनगटावर टेकवली लबाडाने! डॉक्टरीण म्हणते, "थांबू नका काकू!" बाहेर एक थोरला कुत्रा बसला होता, तो मुकाट्याने बाकाखाली गेला. गोड बोला म्हणे!

तीन तास उभी होती हो ती पोरगी. बाहेर आली तेव्हाही तिचे हात स्थिर. असे हात सोन्याने मढवावेत!

पण घरी आणला आणि दोन दिवस हा तोंडच उघडेना. तिसऱ्या सकाळी डॉक्टरीण फोनवर म्हणाली, "आज पोटात काही गेलं नाही तर अवघड आहे काकू. तुमचं ते... गोड बोलणं सुरू करा." बसले समोर, हातात उकडलेल्या माशाचा घास. "मेल्या, भामट्या..." म्हटलं, आणि ती भादरलेली जागा दिसली, टाके दिसले, पाय असायचा तिथे काहीच नाही... पुढे शब्दच फुटेना. मला! मला शब्द फुटेना! रडले हो, ढसाढसा.

तेवढ्यात मागून आवाज. "मेल्या, किती वेळ ताट अडवून बसणार? खानावळ उघडलीय का इथे? एकदा सांगून कळत नाही? भिंतीशी बोलतेय का मी?"

अहो, आमचे हे! "बोलतेय" म्हणाले! माझेच शब्द, माझीच पट्टी, कमरेवर हातसुद्धा माझ्यासारखा! भामट्याने मान उचलली, यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि घास चाटायला लागला... संपवला हो! दुसरा मागितला!

मी डोळे पुसत यांच्याकडे बघतच राहिले. जीव वाचवला हो या माणसाने. म्हणजे एकतीस वर्षं हा माणूस ऐकत होता! शब्दन् शब्द पाठ! ...मग ओला टॉवेल रोज पलंगावरच का पडतो, तेवढं मला कोणीतरी सांगा.