खापराजवळची जागा

अहो पीठच आहे ते, दुसरं काय असणार! कोपराला लागलंय होय? लागलं असेल. सून कणिक मळून गेली ना सकाळी, मी नुसतं परातीवर ओलं फडकं टाकलं, तेव्हा लागलं असेल. पुसते. तुम्ही बसा ना मॅडम — त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हलतो, इकडे पलंगावर बसा. धुळ्याहून एवढ्या उन्हाच्या आल्या, आधी पाणी प्या, मग तुमचे ते हाताचे प्रश्न. मला तर तुम्ही उद्या येते म्हणाल्या होत्या. मग आज कशा? असं होय, मेहरूणची ती दुसरी हात मोडलेली बाई घरी नव्हती म्हणून तशाच इकडे पिंप्राळ्याला. असू द्या, असू द्या. नाही हो, घाबरले कुठं — दार जरा उशिरा उघडलं एवढंच. कडी जड आहे आमची आणि माझा हात हा असा. हा पट्टा बघा ना, दिवसभर बांधलेला. आता? आता तो खिडकीत दिसतोय तो — हात धुवायला काढला होता. तुम्हाला हात तपासायचाच आहे तर राहू दे मग, नंतर बांधते.

हां, विचारा. काय म्हणता — परत कामावर गेलात का? हो, नाही, का थोडंफार? तिन्हींतलं एकच सांगायचं? आता याला काय उत्तर देऊ मी! माझी काय नोकरी होती, की साहेबानं रजा दिली, हात बरा झाला, गेले आणि बसले परत खुर्चीवर? मी मांडे करते. करायचे, असं म्हणा. तुम्ही धुळ्याच्या, तुम्हाला मांडे काय सांगायचे — अगं बाई, मूळच्या सोलापूरच्या का तुम्ही? मग सांगावंच लागेल. चुलीवर मातीचं भलंमोठं खापर पालथं घालायचं. पुरणाची पोळी आधी लाटायची एवढीशी, मग घ्यायची हातांवर — लाटणं गेलं, पोळपाट गेला — या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत, फिरवत फिरवत मोठी करायची, धोतरासारखी पातळ, आणि अलगद टाकायची खापरावर. लग्न म्हटलं, आखाजी म्हटलं — तुमची अक्षय्य तृतीया हो — की आमच्याकडे मांडे पाहिजेच. बाया पुष्कळ लागतात, कोणी पुरण वाटते, कोणी कणिक तिंबते, पण खापराजवळ बसते ती एकच. तिला आवतणही वेगळं असतं. लग्नघरच्या बाया हळदीकुंकू घेऊन दारात येतात, कुंकू लावतात, हातावर सुपारी ठेवतात आणि सांगतात — अक्का, खापर तुमचं. पारोळ्यापर्यंत नाव होतं माझं. मंजुळाअक्का खापराजवळ आहे म्हटलं की लग्नघरचे पुरुष निवांत पान खायचे. आणि तुम्ही विचारता हो का नाही!

रागावले नाही तुमच्यावर. म्हणजे रागावले, पण तुमच्यावर नाही. पडले कशी ते लिहिलंय का तुमच्याकडे? नीलेशच्या गाडीवरून. नीलेश मुलगा माझा. गिरणीतून दळण घेऊन येत होतो, मांड्यांचं पीठ, वस्त्रगाळ करून आणलेलं, डबा माझ्या मांडीवर. गतिरोधकावर गाडी उडाली आणि मी गेले. आता कोणीही शहाणं माणूस डबा टाकून दोन्ही हात टेकवील की नाही? मी डबा छातीशी धरला, डाव्या हातानं, आणि उजवा एकटा टेकवला. पीठ चिमूटभर सांडलं नाही. मनगट मोडलं. डॉक्टर हसले हो माझ्यावर. नीलेश तर अजून सगळ्यांना सांगतो, आईनं डबा वाचवला. सांगतो आणि हसतो. दळणाला जाणाऱ्या बायका नाही हसत, त्यांना कळतं.

प्लास्टर निघालं तर हात म्हणजे सुकलेलं वांगं. बोटं वळेनात, तळवा वर करायला गेले की कोपर मागे पळायचं. मग दवाखान्यात त्या चारुलता मॅडम भेटल्या, तुमच्याच वर्गातल्या ना? गोड बाई. पण त्यांनी काय दिलं मला करायला, माहितीये? रंगीत कणिक! हिरव्या रंगाची, चिवट, डबीत घालून. हे मळा अक्का, चिमटा, ताणा, मुठीत दाबा. मी बाकावर बसून त्या खोट्या कणकेचे उंडे करायचे आणि घरी माझ्या परातीत खरी कणिक सून मळायची. कोमट पातळ मेणात हात बुडवा, खुंट्या भोकात घाला, ओला टॉवेल पिळा. केलं हो, बठ्ठं केलं. एक दिवस चुकवला नाही. मॅडम म्हणायच्या, अक्का, आधी छोट्या पोळ्या करा घरच्या घरी, लग्नाची घाई नको. मी हो म्हणायचे.

आणि घाई केली. खा ना तुम्ही, बोलता बोलता ताट आणलं मी आणि तुम्ही नुसत्या लिहिताय. मांडाच आहे, घरचाच. तूप घ्या. कोणी केला म्हणजे? मयुरीनं, सुनेनं, सकाळी. दुसरं कोण करणार? गरम लागतोय? झाकलेला होता, राहतो गरम. काय सांगत होते मी — हां, पारोळ्याचं लग्न. माझ्या भाचीचं, भूमिकाचं. तिच्या लग्नात खापराजवळ मी नाही तर कोण? पट्टा काढला, पदर खोचला, बसले. पहिली पोळी नैवेद्याची असते, मॅडम. सगळ्या बाया थांबतात, बघतात. मी घेतली हातांवर, फिरवली, उजवा तळवा वर केला — आणि तो झालाच नाही पुरता. अर्ध्यात अडकला. पोळी एका बाजूला ओघळली, फाटली, पुरण पडलं खापरावर आणि जळालं. तो वास! लग्नघरात पहिल्याच पोळीचा जळका वास. कोणी बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडले असते मी. माझी भावजय नुसती खाली बघत होती. आणि ही मयुरी मागून आली, माझ्या खांद्याला धरलं, हळूच म्हणाली, ऱ्हाऊ द्या अक्का, मी करस ना. आणि बसली माझ्या जागेवर. आणि केले की तिनं. चांगले केले. शिकवलंय कोणी? मीच शिकवलंय, लग्न होऊन आली तेव्हा तिला उंडा वळता येत नव्हता.

तेव्हापासून सुरू झालं. अक्का, हात कसा शे? अक्का, जपा. अक्का, आता सुनेच्या हाताचं खा, लई केलं तुम्ही. बाजारात भेटली तरी तेच, देवळात तेच. कोणी वाईट बोलत नाही, त्याचाच राग येतो मला. आणि मयुरी तर काय सांगू — मला भाजीची पिशवी उचलू देत नाही, माझी वेणी घालून देते, दुधाचं पातेलं धरलं की धावत येते. अशा सुनेशी भांडायचं तरी कसं? वाईट असती तर एका दिवसात निकाल लावला असता. आवतण यायला लागलं तिला. इथे, या पलंगावर मी बसलेली, बाया आल्या, माझ्या पाया पडल्या आणि कुंकू लावलं तिला. सुपारी तिच्या हातावर. मला म्हणाल्या, अक्का, तुमचा आशीर्वाद असू द्या. आशीर्वाद! मी काय फोटोत गेलेय का?

आणा ते जोर मोजायचं यंत्र. दाबायचं, माहितीये मला, दवाखान्यात दर वेळी दाबलंय. घ्या. एवढंच येतं बघा. किती दाखवलं? कमी आहे ना? म्हटलं ना मी. परत? परत तेवढंच येणार. आता कशाला घाईघाईनं या हातात, त्या हातात, या हातात — अशी काय रीत आहे तुमची? खेळ लावला का! काय लिहिलं? आधी कमी, घाईत जास्त, आकडे जुळत नाहीत म्हणजे? जोर नाही तर नाही, आकडे कशाला जुळायला पाहिजेत... अगं मेले, हड! हड म्हणते! मॅडम, थांबा हं, मांजर शिरली स्वयंपाकघरात — परातीत तोंड घालील — हड! गेली. पळाली खिडकीतून. वाचली कणिक, फडकं तेवढं ओढलं तिनं. इथेच ठेवते आता परात, डोळ्यासमोर बरी.

काय झालं? अशा काय बघताय?

हां. परात. उजव्याच हातावर आणली का मी? जड आहे हो, बरीच जड आहे. एका तळव्यावर.

बरं. आता लपवून काय होणार. ताटातला मांडा मीच केलाय. तुम्ही दार वाजवलं तेव्हा शेवटचा खापरावर होता, तो काढून खापर चुलीमागे सरकवलं, म्हणून उशीर झाला. गरम लागला ना तुम्हाला? लागणारच. आखाजीच्या आधीपासून बरा आहे हात, दुखत नाही, अडकत नाही, तळवा पुरता वर होतो — हा बघा, झाला? मयुरी बाहेर गेली की गच्चीवरचं खापर खाली आणते, करते दोन-तीन, आणि गल्लीतल्या गायीला घालते. चांगले पुरणाचे मांडे गाय खाते, मॅडम. तिला काय, तिला आवडतात. मग खापर धुऊन वर, परात धुऊन वर, पट्टा हाताला. चारुलता मॅडमना सांगू नका, त्यांनी कधीच म्हटलं होतं की पट्टा सोडा आता.

का काय का? तुम्ही शिकलेल्या, विचार करा ना. पट्टा आहे तोवर लोक काय म्हणतात? अक्काचा हात मोडला, म्हणून अक्का खापराजवळ नाही. पट्टा काढला आणि तरीही कुंकू मयुरीलाच लावलं — मग? मग काय म्हणतील? मग हाताचं नावच घेता येणार नाही. मग नुसती अक्का नको, एवढंच राहील. ते मला नाही ऐकायचं. हात दुखतो हे बरं आहे त्याच्यापेक्षा. तुमच्या त्या तीन उत्तरांत हे कुठं बसतं ते तुम्ही बघा, मला नाही सापडलं.

सांगून टाका म्हणता. कोणाला? मयुरीला? ती लगेच उठेल हो, अक्का, बसा म्हणेल, तिला तेवढं मन आहे. पण मला तिनं उठून दिलेली जागा नको. लग्नघरच्या बाईनं माझ्या समोर उभं राहून सांगायला पाहिजे, अक्का, खापर तुमचं. आज संध्याकाळीच येणार आहेत, हिलाल नानांच्या घरच्या, नातीचं लग्न आहे. हिलाल नानांच्या दोन्ही मुलींचे मांडे मी केलेत. म्हणून तर आज जास्तच केले सकाळपासून, हात गरम ठेवला. म्हटलं, आज पट्टा बांधायचाच नाही. त्या आल्या की मोकळ्या हातानं पाणी द्यायचं, बांगड्या दिसतील, कोणी तरी म्हणेलच — अक्का, हात बरा झाला का? मग मी म्हणेन, झाला. बस. एवढंच म्हणायचं ठरवलं होतं. पुढचं त्यांनी म्हणायचं. म्हणतील ना? तुम्हाला काय वाटतं? म्हणतील?

थांबा. गाडी वाजली का? मयुरीची स्कूटी. आणि मागे रिक्षा — ऐका, बायांचे आवाज. अगं बाई, आत्ताच आल्या! संध्याकाळी म्हणाल्या होत्या आणि — तिच्याशीच बोलतायत. ऐकलंत? हसतायत. मयुरी, तुझ्याशिवाय कोण, असं म्हणाली ना ती? असंच म्हणाली. मी ऐकलं. नाही हो, तुम्ही समजावू नका मला, माझे कान धड आहेत. तो तुकडा टाका तोंडात, ताट द्या इकडे, परात पलंगाखाली सारते. मॅडम, तो पट्टा द्या खिडकीतला. द्या ना! इथून अंगठा घाला, असा, आणि बांधा. तुम्हाला येतं की, तुमचंच काम आहे ते. घट्ट. अजून ओढा — ओढा, दुखत नाही मला. झालं? आता डोळे पुसू द्या. लिहा, नाही म्हणून लिहा, गेली नाही कामावर.

आले गं, आले! मॅडम, जरा कडी काढता का तुम्ही? मला एका हातानं नाही निघत.