झेंड्याची टोपी

मी मूळचा संगमनेरचा, डिझेल मेकॅनिक. कंपनीच्या कामाला जर्मनीत आलो, कंत्राट संपलं आणि बर्लिनला स्वीडनच्या राजदूतांचा ड्रायव्हर झालो. युरो येऊन दोनेक वर्षं झाली असतील. साहेब आधी इतिहासाचे प्रोफेसर, मग उजव्या पक्षाचे खासदार, मग राजदूत, आणि शिस्त म्हणजे काय सांगू तुम्हाला, माझे बूट पुसलेले नसले तर बोलायचे नाहीत. पहिल्याच दिवशी शिकवलं, मी गाडीत असेन तरच बॉनेटवरचा झेंडा उघडा, उतरलो की लगेच त्यावर चामड्याची टोपी. माझ्या सासूबाईंचं सोवळंही इतकं कडक नव्हतं. साहेब पायऱ्या चढून गेले की वर थांबून वळायचे, टोपी लागली का बघायचे, मगच आत.

तर येना शहरात त्यांचं भाषण होतं, कायदा आणि सुव्यवस्थेवर. भर दुपार. साहेब उतरले आणि समोरून तिघं आले, डोकी भादरलेली, हातात बाटल्या, मला बघून माकडासारखे आवाज काढत. दार लावून बसलो असतो तर वाचलो असतो. पण झेंडा उघडा होता ना. मी उतरलो, टोपी घातली, बटण लावतोय तोच बाटली कानावर फुटली. मग लाथा, पोटात, तोंडात, नुसत्या लाथा. दोन दात गिळले मी. एक जण माझ्या बोटांवर उभा राहिला, हाडं मोडल्याचं मला ऐकू आलं, आणि मी आपला विचारतोय, बटण लागलं का. साहेब धावत आले, आधी शुद्ध जर्मनमध्ये समज दिली, मग छत्रीनं झोडपलं. त्यांचं मनगट मोडलं, छत्रीही.

कोर्टात ते तिघं म्हणाले, पहिला हात यानंच टाकला. ते खरं ठरलं असतं तर माझा व्हिसा गेला असता. पहिल्यापासून बघणारे एकटे साहेब, पण राजदूतानं साक्ष द्यायला वरची परवानगी लागते आणि वरून आलं, प्रकरण वाढवू नका. बायको म्हणाली, अहो, मोठी माणसं, ती कशाला येतायत. मलाही तसंच वाटलं.

आले. हात गळ्यात बांधलेला. न्यायाधीशांनी विचारलं, व्यवसाय?

"कालपासून काही नाही."

राजीनामा देऊन आले होते. मग माझ्याकडे एकदाही न बघता सांगत राहिले, कोणता बूट, कोणाची लाथ, कुठे बसली, वर्गात सनावळ्या सांगाव्यात तसं.

आता मी ड्रेस्डेनला बस चालवतो. डावा कान गेला, मूठ पुरती वळत नाही. पक्षानं साहेबांना परत विचारलं नाही, गावाकडे असतात. नाताळला फोन येतो, मी उजवा कान लावतो, ते विचारतात, बूट पुसतोस ना? पुसतो म्हणतो. देव त्यांना बरं ठेवो. बसला झेंडा नसतो, तेही बरंच आहे.