वीणावहिनींची पहिली टाळी

सन्माननीय अध्यक्ष सुरेशराव, अल ऐनहून स्वतः गाडी चालवत आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉ. शोभनाताई, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो ते उपेंद्रदादा, आणि उद्या ऑफिस असूनही हॉल भरून टाकणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

दादा पुढच्या आठवड्यात पुण्याला कायमचे परत जाताहेत. दुबई मरीनातल्या उंच इमारतींचे एसी सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं, हे सुरेशरावांनी सांगितलंच. मला बोलायचंय ते त्यांच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घराच्या हॉलबद्दल, जिथे शनिवारी संध्याकाळी आम्ही एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच ग्रँड ऑपेरा रेकॉर्डवर ऐकत असू. नवीन मंडळींना हे चमत्कारिक वाटेल. आम्हालाही वाटायचं. पाच अंक, शंभर माणसांचा कोरस, रंगमंचावर अख्खं चर्च, धर्मासाठी कापाकापी, आणि त्यात सापडलेली दोन प्रेमात पडलेली माणसं. मी विचारलं होतं, "दादा, आपला काय संबंध हो याच्याशी?"

"अगं शुभ्रा, पॅरिस म्हणजे तेव्हाची दुबईच! नवा पैसा, नवे शेठ, सगळ्यांना सगळं भव्य हवं. आणि त्यांच्यासाठी संगीत लिहिणारे कोण? एक बर्लिनहून आलेला, एक इटलीतून. बाहेरचीच माणसं. बघ, संबंध आहे की नाही?"

त्या काळी मधल्या अंकात नाच असायलाच लागायचा, कारण बडे लोक जेवणं आटोपून थिएटरातल्या आपल्या खास बॉक्समध्ये उशिरा यायचे आणि त्यांना नाच चुकायला नको असायचा. आमच्याकडे दादांच्या पत्नी, वीणावहिनी, नेमक्या त्याच वेळी वडे तळायला घ्यायच्या. आमचा निनाद तेवढ्याला बरोब्बर पोहोचायचा. "आले बघा बॉक्सवाले साहेब," वहिनी आतून म्हणायच्या. निनाद, तू हसतोयस, पण तुझी परंपरा थेट पॅरिसची आहे बरं!

आणखी एक प्रथा होती. तिकडे थिएटरात टाळ्या वाजवणारे पगारी लोक बसवत. त्यांचा एक मुख्य असे. तो तालमींना हजर राहायचा, टाळी कुठे पडायला हवी ते ठरवायचा, आणि त्याने सुरुवात केली की सगळं सभागृह मागून यायचं. दादांना याचा भयंकर राग. "पैसे घेऊन टाळ्या? खलास! कलेचं दुकान झालं."

"अहो, पण कुणीतरी सुरुवात करायला लागतेच ना," वहिनी म्हणायच्या. "लोकांना आवडलेलं असतं. धीर होत नसतो."

आमच्यात पहिली टाळी त्यांचीच असे. गाणं संपलं की ओल्या हातांनी त्या टाळी वाजवायच्या, आणि आम्ही मागून. रेकॉर्डला टाळ्या! पण वहिनी कधी चुकल्या नाहीत. त्यांना ते संगीत किती आतून कळतंय, याचा मला हेवाही वाटायचा.

वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली. शनिवार थांबले नाहीत. फक्त गाणं संपलं की दादा थोडा वेळ स्पीकरकडे बघत बसायचे, मग खाकरून पुढचं लावायचे. टाळी मी वाजवावी का? त्यांच्या जागी आपण बसणं बरं दिसेल का? विचार करत राहिले, आणि हात मांडीवरच राहिले.

मागच्या शनिवारी दादांनी सगळ्या रेकॉर्ड्स माझ्या गाडीत ठेवल्या. म्हणाले, "तिथे नाही ऐकणार आता. एकट्याने ऐकायची गोष्ट नाही ही."

मी हे त्यांच्या मुलीला, केयाला सांगितलं. ती इथेच वाढलेली, उत्तर इंग्लिशमध्ये. "मावशी, आई वॉजन्ट इव्हन लिसनिंग. शी वॉज वॉचिंग बाबाज फूट."

दादा, तुम्हाला हे माहीत नाही. तुमची चप्पल सुटलेली असते, अंगठा ताल धरतो, आणि गाणं मनात पोहोचलं की पाय क्षणभर अधांतरी थांबतो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून तेवढंच पाहायच्या. पॅरिसचा तो माणूस रंगमंचाकडे बघून टाळी ठरवायचा. वहिनी तुमच्याकडे बघून.

"मग तू सांग ना बाबाला," मी म्हटलं.

"यू टेल हिम, मावशी. मी सांगितलं तर ही विल स्टार्ट एक्सप्लेनिंग समथिंग."

सगळ्यांसमोर हे सांगावं की नाही, काल दिवसभर ठरत नव्हतं. पण त्या रेकॉर्ड्स मी ठेवून घेऊ शकत नाही, दादा. आज सकाळी केयाने त्या तुमच्या सामानात परत भरल्या आहेत. तिथे ऐका. वहिनींनी कशाला टाळी दिली होती, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

मला बोलू दिलंत, मंडळाचे मनापासून आभार. दादांच्या घरातलं थोडं जास्त बोलले असेन, तर दादांनी आणि तुम्हीही ते पोटात घालावं.

आता चौथ्या अंकातलं, वहिनींच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोहोचायचं ते गाणं ऐकायचंय. एक जण जायला निघालाय, आणि ती थांब म्हणतेय. भाषा कुणालाच येत नाही, चालेल. टाळी कधी वाजवायची म्हणून स्पीकरकडे बघू नका. दादांच्या पायाकडे बघा. आज सुरुवात मी करीन.

दादा, पाय टेबलाच्या कापडामागे घेऊ नका. केया, लाव गं.