भारीतलं द्या

...आन वर हे डॉक्टर लोक मलाच विचारतात, आईनं आधी कोणकोणती औषधं घेतली! आता तुम्हीच सांगा, हे कुणी लिहून ठेवतं का? बसा जरा, तुमचाबी पेशंट आतच हाय ना, तुम्हाला सांगतो. आई माझी, सखूबाई, कन्नडकडची, सगळा जलम मेंढरामागं गेला. लघवीला जळजळ झाली का म्हातारी दवाखान्यात जायची नाय, मला पिटाळायची सांडूच्या मेडिकलवर. मी काउंटरवर हात आपटून म्हणायचो, भारीतलं दे. सांडूबी दिलदार, 'ही घे बन्सीभाऊ, दोन डोसात म्हातारी रानात दिसंल.' आन दिसायची की! मग उरलेल्या गोळ्या काय फेकायच्या? डब्यात ठेवायच्या. शेजारच्या दगडाबाईच्या नातवाला खोकला, दे एक. कुणाची दाढ ठणकली, दे अर्धी. विरजणासारख्या फिरायच्या गोळ्या गल्लीत... एकदा तर मेंढराचं इंजेक्शन उरलं व्हतं, ते... जाऊ द्या, ते मी डॉक्टरीणबाईलाबी नाय सांगितलं.

तर ह्या खेपेला ताप उतरंना. सांडूकडची एक गोळी झाली, दुसरी झाली, म्हातारी असंबद्ध बोलायला लागली, तवा जीपमधी घालून इथं शहरात, गारखेड्याच्या ह्या दवाखान्यात आणली. इथंबी माझं तेच, मॅडम, भारीतलं द्या. तनुजा मॅडम, इथली डॉक्टरीण, माझ्या पोरीच्या वयाची. तिनं लघवीचा रिपोर्टच समोर धरला, अठरा औषधांची नावं. 'काका, यातली सतरा आता तुमच्या आईला लागू पडत नाहीत. जंतू सरावलेत, दाद देत नाहीत.' म्हणलं, मग अठरावं? 'ते शेवटचं. त्यानं किडनीला धोका आहे, आणि गुण येईलच असंही नाही.' म्हणलं, मग त्याच्या वरचं भारीतलं द्या की! बाईनं रिपोर्टवरच्या शेवटच्या नावाखाली बोट ठेवलं. मग म्हणली, 'वरचं नाही काका. इथं संपतं.'

अवो, रस्ता संपतो, डिझेल संपतं, औषध कसं काय संपंल? मग त्या अठराव्यालाच हो म्हणलं, कागदावर सही केली.

आता आत जायचं तर अंगात गाऊन, हातमोजे, तोंडाला फडकं. म्हातारी डोळे किलकिले करून म्हणती, 'बन्स्या, हातात हे काय घातलंस? मला शिवायची किळस येती व्हय रे?' काय सांगू तिला? ह्याच हातानं तिला समद्या गोळ्या चारल्या... चुकलं वो माझं. सरळ सांगतो, चुकलं.

आन मघाशी सांडूचा फोन. लई हळहळला बिचारा. मग हळूच म्हणतो, 'भाऊ, त्या शेवटच्या औषधाचं नाव काय रं? गावात लोक विचारायलेत, लई भारीतलं हाय म्हणून. मागवून ठेवतो.' मी फोन कापला. नावच नाय दिलं. म्हणलं, आयुष्यात एक तरी शहाणपण करावं.

पण रिपोर्टचा फोटो दुपारी मीच बायकोला धाडला व्हता ना... तिनं तो आत्ता गावाच्या ग्रुपवर टाकलाय, अठराव्या नावाला लाल गोल करून, आन खाली नुसते अंगठ्यावर अंगठे.