धुरातली ओ

(बोर्ली पंचतन, १९५८ सालचा माघ. डोंगराच्या पायथ्याशी धर्माजीचं अंगण. जंगलखात्यातल्या नव्या राउंडसाहेबांची बायको कुमुद दीड वर्षांच्या शकूला कडेवर घेऊन आली आहे.)

कुमुद : बांधावरून तीन हाका मारल्या मी, धर्माजीकाका. घरात असून ओ देत नाही तुम्ही.

धर्माजी : आलो की समोर, वैनी.

सोनूबाई : तुमालाच न्हाय, मलाबी देत न्हाय. हाक मारली की भुतावानी पुढ्यात येऊन उभा. परवा दचकून कालवनाचं भांडं पडलं माझ्या हातातलं.

धर्माजी : खारट होतं. बरं झालं पडलं.

सोनूबाई : बघा! नवऱ्याची जीभ बाकी कामाला तेज हाय.

कुमुद : शकू, तोंडात काय आहे? आ कर. आ... अगं बाई, बोर! आठळी गिळली असती म्हणजे?

सोनूबाई : माझी पाच पोरं बोरांवरच वाढली, वैनी.

कुमुद : माझी एकच आहे, काकी. काका, उद्या जाळरेषा जाळायची आहे. हे म्हणाले, धर्माजी यंदाही येत नाही.

धर्माजी : गुडघं धरल्यात.

सोनूबाई : गुडघं? काल माडावर कोन चढलंवतं?

कुमुद : मी स्पष्टच बोलते. ह्यांची सगळी नोकरी पुण्याच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेली. वणवा वाढू नये म्हणून आधीच गवताचा पट्टा जाळून ठेवतात, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक. खरा वणवा अजून पाहिलेला नाही. उद्या झालं की पुढे चैत्र, वैशाख, वणव्यांचेच महिने. डोंगराची प्रत्येक घळ माहीत असलेले तुम्ही एकटे. आणि तुम्ही चार वर्षं वर गेला नाहीत. तुमचे जोडीदार रखवालदार हरेश्वर आणि आधीचे विश्वंभरसाहेब आगीत गेले, तेव्हापासून.

धर्माजी : लोकांनी सांगितलं व्हय?

कुमुद : साहेबांचा फोटो कचेरीत आहे, त्याच्याकडे रोज बघते मी. ज्या खुर्चीत ते बसायचे, तिथे आता हे बसतात. हरेश्वरांचा मात्र फोटोसुद्धा नाही. कसे होते हो ते?

धर्माजी : हरेश्वर? फोटूत मावला नसता. हसायचा तर झाडावरची माकडं गप व्हायची. आग विझली की निखाऱ्यावर सुकट भाजायला बसायचा. साहेब शाकाहारी. नाकाला रुमाल लावून लांब बसायचे. एकदा म्हनाले, "हरेश्वर, तुझ्या सुकटीच्या नुसत्या वासावर दोन भाकऱ्या गेल्या रे माझ्या." आमी वरनं दर्यावरची शिडं मोजायचो. तोंडं काळी, भुवया जळलेल्या. साहेबाचीबी तीच गत. तेवढ्या वक्ताला साहेब कोन आन् रखवालदार कोन, वळखू यायचं न्हाय. लई बरे दिवस होते, वैनी.

सोनूबाई : घरी आलं की मी म्हनायची, आधी तोंड धुवा, मंग सांगा कोनाचा नवरा ते.

कुमुद : मग काय झालं त्या दिवशी? लोक हळहळतात, पण सांगत कुणी नाही.

धर्माजी : लोकांना ठाव न्हाय.

सोनूबाई : सांगा. चार वरसं माझ्या एकलीच्या कानावर घातलंत. या पोरीचा नवरा उद्या वर जातोय.

धर्माजी : बारा मानसं वळीनं उभी ऱ्हात्यात. हातात हिरवं डहाळं, आग झोडपायला. धुरात शेजारचा दिसत न्हाय. म्हून साहेब थोड्या थोड्या वेळानं एकेकाचं नाव घेत्यात. ज्यानं त्यानं ओ द्यायची. ओ न्हाय आली तर हायेत तिथं थांबायचं, त्या गड्याला आधी हुडकायचं. बाकी समदे नुसती ओ द्यायचे. हरेश्वर म्हनायचा, "ओ! भाकर झाली का?" त्या दिवशी त्येचा घसा बसलावता. मला म्हनला, धर्मा, माझीबी तूच दे. दोनदा दिली. शेजारीच होता, दिसत होता.

कुमुद : आणि तिसऱ्यांदा?

धर्माजी : तिसऱ्यांदा दिसत नव्हता. तरी तोंडातनं गेली. सवयीनं.

कुमुद : म्हणजे साहेबांना वाटलं, हरेश्वर वळीतच आहेत.

धर्माजी : ओ आली म्हून साहेबांनी वळ पुढं नेली. हरेश्वर मागं घळीत ऱ्हायला. मला उमगलं तवा बोंबललो. साहेब म्हनाले, कुनी हलू नका, आन् सोता माघारी आत गेले. वारा फिरला.

सोनूबाई : दर साली जाळरेषेच्या आधी दोगांच्या नावानं हाक मारत्यात. कुनी ओ देत न्हाय. जरा थांबून मंग कामाला लागत्यात. तेवढं हितं खालनंबी ऐकवत न्हाय यांना.

कुमुद : शकू, चल. ये कडेवर.

धर्माजी : साहेबांना सांगा, वैनी. माझं नाव काढू दे यादीतनं. माझी ना न्हाय.

कुमुद : येताना वाटेत ठरवलं होतं, तुम्ही नाही म्हणालात तर आजच ह्यांच्या बदलीचा अर्ज लिहायचा. ह्यांना न विचारता.

सोनूबाई : लिवा मग. कोन कशाला नाव ठेवील?

कुमुद : कुणी ना कुणी वर जाणारच, काकी. त्यालाही घर असेल. काका, उद्या बाराजण असतील. त्यातल्या किती जणांच्या तोंडून सवयीनं दुसऱ्याची ओ जाईल?

धर्माजी : जाईल की. धुरात मानूस भान ठेवत न्हाय.

कुमुद : तुमच्या तोंडून?

धर्माजी : माझ्या? माझी सोताचीबी निघत न्हाय.

कुमुद : म्हणून तर ह्यांच्या शेजारी मला तुम्हीच हवे आहात.

सोनूबाई : ऐकलंत?

धर्माजी : समदं ऐकून हे म्हनता, वैनी?

कुमुद : ऐकलं म्हणूनच म्हणते. पण तुमची ओ मात्र तुम्हाला द्यावी लागेल. नाही दिलीत, तर हे तुम्हाला शोधायला आत शिरतील. मी ओळखते त्यांना.

धर्माजी : कंच्या वक्ताला निघायचं?

कुमुद : उजाडताना. आणि काका, ह्यांचा आवाज फार बारीक आहे. जरा जवळच उभे राहा.