डावीकडे झुकणारी टॅक्सी

कोनाडू : ग्लास उचल मामा! अरे उचल, सांडतोय!

द्वोमो मामा : सांडला की. फळीवरून ओघळ थेट डाव्या चाकावर! जमिनीवर दारू ओतून आपल्या पूर्वजांना मी अजून हाकसुद्धा मारली नाही, आणि ते पिऊन मोकळे झाले.

सार्पाँग : मास्तर, चांगली महागाची दारू होती हो! वाया घालवण्यापेक्षा मला तरी द्यायची.

द्वोमो मामा : तू गप रे. कोनाडू, माझ्या गॅरेजाची रीत या गॅरेजांच्या वस्तीला, अख्ख्या सुआमेला ठाऊक आहे. शिकाऊ पोरानं शेवटची गाडी दुरुस्त करायची. रिकामी गाडी, सपाट फरशी, बॉनेटवर फळी, फळीवर काठोकाठ भरलेला ग्लास. थेंब सांडला नाही तर उस्ताद. सांडला तर पुढच्या वर्षी या.

कोनाडू : ही आपली रंगीत तालीम होती. पाहुण्यांसमोर ठेवशील तो खरा!

द्वोमो मामा : पाहुणे आलेत, बये! ढोल ऐकू येत नाहीत का? तुझी आई, म्हणजे आमची ताई, नव्या उस्तादावर उधळायच्या पावडरीचे डबे घेऊन फाटकात उभी आहे, कधी एकदा तुझ्या डोक्यावर उधळते असं झालंय तिला. फाटकाजवळच्या माझ्या दुकानावर तुझ्या नावाची पाटीसुद्धा लावून आली. मला विचारलं? छे!

कोनाडू : पाटी लागली? खरंच?

द्वोमो मामा : लागली ना. 'कोनाडू स्प्रिंगवाली'. हिरव्या अक्षरांत, एवढी मोठी. आता उतरवायची वेळ आली तर शिडी तूच धर.

कोनाडू : नाही उतरवायची! मामा, ते दुकान मला हवंय. इतकी वर्षं तुझ्या गाड्यांखाली लोळले ते काय ऊन लागत नाही म्हणून? आज ते दुकान घेऊनच मी या फाटकातून बाहेर पडणार!

सार्पाँग : वा, पोरी वा! पण माझी टॅक्सी तेवढी सरळ कर आधी. या झुकण्यानं माझा संसार वाकडा व्हायला आलाय. शेजारच्या, उजवीकडच्या सीटवर कुणी बाई बसली की घसरत येते आणि टेकते माझ्या खांद्याला. घरी गेलो की बायको शर्ट हुंगते!

द्वोमो मामा : दोष गाडीचा नाही, तुझ्या पोटाचा आहे. कितीदा सांगितलं, जेवणातला फुफूचा गोळा अर्धा कर.

सार्पाँग : केला होता हो अर्धा! तरी गाडी झुकलेलीच. आणि आता तर मी खाली उभा आहे, गाडी रिकामी आहे, तरी दारू माझ्याच बाजूला सांडली. माझं पोट काय आत विसरून आलो का मी?

कोनाडू : हे मात्र बरोबर बोललास, सार्पाँगदादा. आणि स्प्रिंगा तर मी कालच बदलल्या. याच बनावटीच्या गाडीतून काढलेली चांगली जोडी. पिवळ्या ठिपक्याची स्प्रिंग उजवीकडे, पांढऱ्या ठिपक्याची डावीकडे, जशी निघाली तशीच बसवली.

द्वोमो मामा : मग त्यातली एक थकलेली असणार. भंगारवाल्यानं घातली तुला टोपी. आता वेळ नाही. डाव्या स्प्रिंगखाली रबर सारतो, बोटभर वर येईल. आजचा दिवस निभावून ने.

कोनाडू : रबर नाही घालायचं.

द्वोमो मामा : अगं, सगळं सुआमे घालतं!

कोनाडू : घालू दे. चार खड्डे लागले की रबर चेपणार, आणि दादा पुन्हा झुकत माझ्याच दुकानात येणार. पाटीवर स्प्रिंगवाली लिहिलंय मामा, रबरवाली नाही!

सार्पाँग : हाणला! मास्तर, हिला जीभ तुमचीच आलीय.

द्वोमो मामा : जीभ आईची आहे. हात माझे आहेत म्हणून सहन करतो.

कोनाडू : थांबा दोघं. त्या काढलेल्या जुन्या स्प्रिंगा कुठं आहेत? आण ना दादा, त्या पिंपामागं पडल्यात. इथं फरशीवर शेजारी शेजारी उभ्या कर. आता बघ मामा. पिवळा ठिपका केवढा, पांढरा केवढा?

द्वोमो मामा : पिवळा बोटभर उंच आहे. म्हणजे पांढरी दबली.

कोनाडू : या जोडीतही पांढरी दबली आणि नव्या जोडीतही नेमकी पांढरीच दबली? तेवढीच, बोटभर?

सार्पाँग : मला काही कळत नाही, पण अंगावर काटा आला बुवा.

कोनाडू : कुणी दबलं नाही, दादा! कारखान्यातूनच एक उंच आणि एक बुटकी येते. उंच स्प्रिंग ड्रायव्हरच्या बाजूला, कारण ड्रायव्हर रोज बसणार. शेजारी कुणी असेल, नसेल. पण ड्रायव्हर तर आपल्याकडं डावीकडं बसतो. मग उंच स्प्रिंग उजवीकडं कशी? सरका जरा, मी खाली जाते.

द्वोमो मामा : अगं, नवे कपडे! ताई मला फाडून खाईल! कोनाडू!

कोनाडू : मामा! उजवीकडं, पायांच्या वरच्या पत्र्यात, बुजवलेली भोकं आहेत! वेल्डिंग करून घासून बुजवलीत. ही गाडी उजव्या स्टिअरिंगची होती!

द्वोमो मामा : मग त्यात काय एवढं? जहाजातून येतात त्यातल्या कितीतरी तशाच असतात. स्टिअरिंग डावीकडं घ्यायचं आणि चालवायची. ही तर मीच फिरवली होती. जोड दिसतो का बघ कुठं! असं काम अख्ख्या कुमासी शहरात दुसरा कुणी करत नाही.

कोनाडू : काम झकास आहे मामा. स्टिअरिंग फिरवलंस, ब्रेक फिरवलास, आरसेसुद्धा फिरवलेस. स्प्रिंगा फिरवल्यास का?

सार्पाँग : मास्तर?

कोनाडू : त्या तशाच राहिल्या, दादा.

सार्पाँग : मास्तर, म्हणजे मी इतकी वर्षं अर्धा फुफू उगाच खाल्ला?

द्वोमो मामा : जॅक लाव. बघत काय बसलीस? ताई गाणं म्हणायला लागली. जॅक लाव!

(स्प्रिंगांची अदलाबदल करून गाडी फरशीवर उतरवली आहे. भोवती पाहुण्यांचं कडं.)

द्वोमो मामा : मंडळी, जरा मागं व्हा. ताई, पावडर आत्ताच नको, आधी परीक्षा. कोनाडू, फळी ठेव. मी ग्लास भरतो.

कोनाडू : थांब मामा. आधी दादाला आत बसू दे.

द्वोमो मामा : रिकामी गाडी! रीत आहे ही.

कोनाडू : रिकामी ठेवलीस तर ग्लास उजवीकडं सांडेल, डावी बाजू आता उंच आहे. सांडायलाच हवा.

द्वोमो मामा : हळू बोल. सगळे ऐकतायत.

कोनाडू : ऐकू दे! रिकामी गाडी सरळ उभी राहून कुणाला काय मिळणार? चालवणारा आत बसला की ती सरळ व्हायला हवी. ही गाडी सार्पाँगदादाची आहे. त्याच्या पोटासकट त्याची.

सार्पाँग : माझ्या पोटाला आज पहिल्यांदा कुणी मान दिला!

द्वोमो मामा : पोरी, माझ्या हाताखालून इतके उस्ताद बाहेर पडले. ही रीत कुणी मोडली नाही.

कोनाडू : ठाऊक आहे. पण तुला बरं वाटावं म्हणून रिकामी गाडी सरळ केली, तर उद्या ती पुन्हा झुकेल आणि शिव्या तुझ्या नावाला पडतील. ते मला नको. पाटी उतरवायची तर उतरव.

सार्पाँग : मास्तर, बसू का? का घरी जाऊ?

द्वोमो मामा : बस.

सार्पाँग : बसलो!

द्वोमो मामा : श्वास घेऊ नकोस. हं, भरतो आता. काठापर्यंत. अजून थोडा. सोडला हात.

कोनाडू : मी डोळे मिटलेत. सांग ना, मामा.

सार्पाँग : श्वास घेऊ का?

द्वोमो मामा : थांबला. काठाला टेकून थांबला! ताई, थेंबसुद्धा नाही गं! बघ तुझी पोरगी, बघ! उधळ, आता उधळ पावडर!

कोनाडू : आई, डोळ्यात गेली! अगं पुरे, नाकात गेली! मामा, तुझी दाढी बघ, पांढरी झाली! जिंकले मी! दादा, जिंकले!

सार्पाँग : मी उतरू का नाचायला?

कोनाडू : नको नको, उतरलास तर सांडेल!

सार्पाँग : अरे, मग मी आत बसून राहू? बाहेर जोलोफ भात संपत चाललाय!

द्वोमो मामा : जरा कळ काढ, ताट आत पाठवतो. आधी हा ग्लास मला पूर्वजांसाठी माझ्या हातानं जमिनीवर ओतू दे. आजोबा, माझे मामा, मागं गेलेले सगळे थोरले, या. आता बोलावतोय, आता प्या. ही आमच्या ताईची कोनाडू. माझी अवजारं हिची, माझं नाव हिचं. आजपासून ही उस्ताद.

कोनाडू : मामा, तू रडतोयस?

द्वोमो मामा : पावडर गेली डोळ्यात. जा, दुकान उघड तुझं.

कोनाडू : आत्ता? आज?

द्वोमो मामा : आत्ताच. बाहेर माझी गाडी उभी आहे, ती डावीकडं झुकते. रस्ताच तसा आहे असं मी सगळ्यांना सांगत आलो. पहिल्या नंबरावर घे. ती पण मीच फिरवली होती.