नाकावरचं श्रीखंड

अमेरिकेतल्या कॅरी गावात, अर्जंट केअर दवाखान्यात आश्लेषा दुखरा कान धरून नंबरची वाट बघत होती. शेजारी एक मराठी जोडपं येऊन टेकलं. नवऱ्याने सुजलेल्या नाकावर श्रीखंडाचा डबा दाबून धरला होता.

"सुलेखा, फॉर्मवर काय लिहू? नाकाला काय लागलं?"

"श्रीखंड."

"यार, वेड्यात काढतील!"

"मग सगळं लिही. मंडळाच्या गणपतीत जुन्या ब्रिटिश कॉमेडी शोसारखं स्किट करतोय. त्यात तोंडावर क्रीमचा केक मारतात. केकमध्ये अंडं चालत नाही, म्हणून कमिटीने श्रीखंड अप्रूव्ह केलं."

"आणि तू फ्रीझरमधला गोळा तसाच मारलास!"

"इंडियन स्टोअरमध्ये फ्रोझनच मिळतं, श्रीराम. रिहर्सलला उशीर होत होता."

"शनिवारी शो आहे. नाक मोडलं असलं तर माझा रोल केदारला देतील."

"देऊ देत की. नाक महत्त्वाचं."

"अगं, पंधरा वर्षं मंडळात कॉमेडी करतोय. आज पहिल्यांदा लोक हसले."

"हो रे. मीनाक्षीकाकू तर खुर्चीवरून पडल्या."

"बघ ना."

"मग शनिवारी कसं करायचं?"

"असंच मार. थॉ करू नकोस, गोठलेलंच राहू दे."

"मग तो डबा दे इकडे. श्रीखंड वितळतंय."